फ्रीव्हीलला ग्रीस नको

मास्टरसाब, कट-कट-कट असा आवाज शाळेच्या रस्त्यावरून यायचा आणि आम्ही पाट्या सावरून बसायचो. तुमच्या सायकलच्या फ्रीव्हीलचा आवाज. सलग नसायचा तो. पायडल मारताना तुम्ही कवितेची ओळ म्हणायचात, ओळ संपली की पाय थांबवायचात, आणि चाक मोकळं पळताना तेवढा तोच ऐकू यायचा. मग पुन्हा पायडल, पुन्हा ओळ. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, शाळेत मराठी आली, आणि तुम्ही तर तोवर सगळं उर्दूत शिकवत आलेले. नोकरी टिकवायची तर आमची कविता आधी तुम्हालाच पाठ करावी लागे, आणि ती तुम्ही शहागंजातल्या घरापासून शाळेपर्यंत सायकलवर करायचात. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं, मराठी कविता अशीच म्हणतात, प्रत्येक ओळीमागं थोडी मोकळी वाट सोडून. मी अजून तशीच म्हणतो.

ती सायकल आता माझ्या गॅलरीत आडवी पडली आहे, उस्मानपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर. मागच्या उन्हाळ्यात मी ती घेऊन निघालो आणि चौकात पडलो. तेव्हापासून मुलगा आणि सून कामावर जाताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावतात. ‘बाबा, तुमच्याच भल्यासाठी,’ म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही, त्यामुळं भांडायलाही जागा उरत नाही. जाळीतून जिन्याच्या चार पायऱ्या दिसतात, मग वळण. त्या वळणापलीकडं काय असेल याची मी दिवसभर कल्पना करतो, जसं काही तिथं खालचा मजला नसून दुसरा मुलूखच आहे. परवा मुलगा म्हणाला, ‘रविवारी भंगारवाल्याला सांगितलंय. गंजलीय ती पार.’ मी म्हणालो, ‘आणि चाक फिरलं तर?’ तो हसला. ‘फिरलं तर राहू द्या. पण फिरून जाणार कुठं, बाबा?’

तरी त्यानंच बेअरिंगच्या पिवळ्या ग्रीसची डबी आणून दिली. आज सकाळपासून वर्तमानपत्र पसरून बसलोय. दोन्ही चाकांतले छर्रे पुसून ग्रीसमध्ये बसवले, हँडलच्या मानेत भरलं, पायडलच्या मधल्या आसाला लावलं. जिथं वजन पडतं तिथं घट्ट, हे तुम्हीच दाखवलेलं. चेनला ग्रीस लावलं की रस्त्याची सगळी धूळ तिला चिकटते, तिला पातळ तेल हवं, आणि पातळ तेल घरात नाही. करडईचं आहे, ते वाळून डिंकासारखं होतं. खोबरेल आहे, ते थंडीत थिजतं. चेन कोरडीच ठेवली. पण फ्रीव्हीलपाशी आलो आणि मला राहवलं नाही. वाटीत ग्रीस घेतलं, गॅसवर पातळ केलं, सायकल आडवी करून फटीतून आत सोडलं. छान उतरलं, थोडं फरशीवरून गॅलरीच्या कडेला ओघळलं. गार झाल्यावर आतच बसलं. फ्रीव्हीलच्या पोटात दोन छोट्या खिट्या असतात, कारागीर त्यांना कुत्ते म्हणतात. पायडल मारलं की ते दाते धरतात आणि चाक ओढतात. ते आता चिखलात रुतल्यासारखे पडून आहेत. पायडल कसंही फिरवा, चाक जागचं हलत नाही. आणि आवाज नाही.

मला माहीत नव्हतं असं नाही हो. अजून दिसतंय, तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तुम्ही सायकल उलटी करून बसला आहात, चुलीपुढून तुमच्या घरच्या, आमच्या खाला, म्हणतायत, ‘मेरे मशीन का तेल नक्को लो, कित्ते बार बोली मैं.’ तुम्ही निमूटपणे त्यांच्या शिलाई मशीनची कुपी उचलता आणि फ्रीव्हीलमध्ये दोन थेंब सोडता. समोर मी स्पर्धेची कविता म्हणतोय, हात उंचावून, गळा भरून. तुम्ही मान वर न करता म्हणता, ‘बस कर रे. किती चोपडतोस? बैलगाडीचा आस हाय का तो? ओळीला दोन थेंब लाव, मग ती तिची पळंल.’ खाला पदराआड हसल्या. मी तिथंच रडलो, आणि त्यांनी मला भाकरीवर गूळ दिला. पुढं तुमचे गुडघे गेले, तुम्ही सायकल माझ्या हातात दिलीत, तेव्हाही आशीर्वाद वगैरे काही नाही. म्हणालात, ‘फ्रीव्हीलला ग्रीस नको.’

घासलेट असतं तर धुऊन काढलं असतं. खाली चौकात दुकान आहे. उद्या रविवार.

इथवर लिहिलं आणि जाळी वाजली. या वेळी कुणी येत नाही. खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई उभी होती, हातात कुणाचा तरी ब्लाउज, त्यावर पिवळा डाग.

‘काका, वरून काय गळाया लागलंय? गिऱ्हाइकाला आता काय सांगू मी?’

‘चुकलं माझं. पण बाहेरून कुलूप आहे बाई, मी येऊ शकत नाही.’

‘व्हय, दिसतंय की. किल्ली माझ्याजवळच असती. तुमच्या लेकानं पहिल्याच दिवशी दिली, काका हाक मारतील म्हणाला. तुम्ही कधी हाकच मारली नाय.’

मी म्हणालो, ‘येताना मशीनचं तेल आणशील? ग्रीस धुऊन काढायला सगळी कुपी लागेल.’

‘डाग पाडून वर तेल मागताय,’ ती म्हणाली, पण गेली किल्ली आणायला.

तेवढ्यात हे लिहून घेतो. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून सांगतो. तिच्या मशीनचा आवाज मी रोज दुपारी ऐकत होतो, मास्टरसाब. एक हाक मारली असती तर कुणीतरी दार उघडलंच असतं. म्हणूनच मारली नाही. दार उघडलं असतं तर मला, मी पडलो त्या चौकापर्यंत जावं लागलं असतं.

जिन्यावर तिची पावलं वाजतायत.