सतरा नंबरचा पंच

४ मार्च
पास झाली एकदाची! स्टेनलेसची नळी बॉयलरच्या पोलादाला जोडायची, मध्ये निकेलची सळी वितळवायची. महिनाभर डोकं खाल्लं या पद्धतीनं. आज तुकडा दुमडला, चीर नाही.

आता याच पद्धतीनं एकेका वेल्डरची परीक्षा. सवरीमुत्तू अण्णांचीसुद्धा! डोळ्याच्या ऑपरेशनपासून सहा महिने हातात वेल्डिंगची टॉर्च नाही, म्हणून जुनी पात्रता बाद. ज्यांनी मला टॉर्च धरायला शिकवलं, त्यांची परीक्षा मी घ्यायची. काय वेळ आली ही!

७ मार्च
अण्णा नापास. मुळाशी जोड धरलाच नाही. "निकेल म्हणजे आटलेला गूळ रे इळंगो, ढकललं तरी सरकत नाही." खांदाही दुखतो, मीटरभर लांब सळी पेलत नाही.

मॅनेजर म्हणाले, "म्हातारा हत्ती देवळात शोभतो, कारखान्यात नाही. आणखी एक संधी द्या. मग पंच जमा आणि घरी."

सतरा नंबरचा पंच. नंबराचा हा पोलादी ठसा तीस वर्षं स्वतःच्या प्रत्येक जोडाशेजारी ठोकलाय त्यांनी. आणि त्यांच्या घरच्या अर्पुदम वहिनी अजून माझ्यासाठी डब्यात लिंबूभात देतात.

१० मार्च
सळ्या अर्ध्या कापून दिल्या अण्णांना. सरावाच्या साध्या स्टेनलेसच्या, परीक्षेच्या निकेलच्या. सळीवर धातूच्या नावाची पट्टी एकाच टोकाला असते, म्हणून पट्टी नसलेले अर्धे दोन वेगळ्या डब्यांत भरले. नियमात बसत नाही. पण मी स्वतः भरलेत! माझ्या हातून तेवढंच होण्यासारखं होतं.

११ मार्च
सराव नकोच म्हणाले. "हात परीक्षेसाठी राखतो."

१३ मार्च
परीक्षा. वेल्डरशी कुणी बोलायचं नाही. वैद्यनाथन साहेब शेजारी, इन्स्पेक्शनवाले.

दुसऱ्या थराला अण्णांनी मास्क वर केला. सळी उचलून माझ्यापुढे धरली आणि टक लावून बघत राहिले. मला भडभडून आलं. भर परीक्षेत मदत मागताहेत! मी काय करणार? मान फिरवली.

"बोलायचं नाही, पुढे चला!" साहेब खेकसले. अण्णांनी मास्क खाली घेतला.

१४ मार्च
एक्स-रे स्वच्छ! एक ठिपका नाही! वहिनींनी वेळांकण्णीच्या माउलीला मेणबत्त्या बोलल्या आहेत म्हणे. मीही हात जोडले.

१५ मार्च
अण्णांच्या जोडाचे चार तुकडे दुमडले, तीन तडकले.

अण्णा माझ्या टेबलाशी आले. "इळंगो, ती सळी—"

"अण्णा, आता सबबी नकोत," मी म्हणालो. त्यांना! मी!

त्यांनी खिशातून पंच काढून टेबलावर ठेवला. "जेवून घे वेळेवर," म्हणाले आणि गेले.

१८ मार्च
अण्णा लालगुडीला गेले, मुलीकडे. खोली सोडली.

१९ मार्च
सरावाचा डबा उघडला, नवीन पोराला द्यायला. एक सळी वितळवून बघितली. सरकेचना. आटलेला गूळ!

डबे माझ्याच हातून उलटे झाले; परीक्षेत अण्णांच्या हाती साधं स्टेनलेस गेलं, म्हणून जोड तडकला. अण्णा मदत मागत नव्हते. सळी दाखवत होते मला.