डाव्या हाताचं सारवण

माय, परवा मी टेकडीवरचं घर सोडलं. सांगायचं खरं तर एवढंच आहे. पण तुला कुठलीही गोष्ट एका वाक्यात सांगितलेली चालायची नाही. "नीट सांग ना वो, पाट्या टाकल्यावानी काय बोलून राह्यली?" म्हणायचीस आणि हातातलं सूप खाली ठेवून ऐकायला बसायचीस. तर नीट सांगते. मी आता बेल्लमपल्लीला मुलाच्या क्वार्टरात आहे. खिडकीतून कोळशाची गाडी दिसते, नळाला पाणी येतं, फरशी पुसायला बाई येते आणि मला दिवसभर काडीचं काम नाही. गुडघे गेले म्हणून त्यानं आणलं. बरोबरच आहे त्याचं. झऱ्यावरून घागर भरून चढण चढणं आता माझ्याच्यानं होत नव्हतं. तरी त्याचा राग येतो. येईल त्याला सांगतो, "आई त्या रिकाम्या घरात एकटीच राहायची." रिकाम्या म्हणे!

निजामाची राजवट मोडायच्या आधीचे ते गडबडीचे महिने. खालचं गाव पांगलं, तसे आपणही मिरगाच्या तोंडावर पैनगंगा ओलांडून मावशीकडे गेलो. मी पाच-सहा वर्षांची असेन. निघायच्या घाईत तू चुलीतली राखसुद्धा काढली नव्हतीस आणि त्याची तुला मावशीकडे इतकी लाज वाटायची, की कुणी वावराचं, बैलांचं विचारलं तरी तू म्हणायचीस, "माही भांडी खरकटी पडली वो तिथं." जाताना बांनी मागच्या दाराला आतून अडसर घातला होता, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप. मग फौज आली, राजवट बदलली, लोक आपापल्या गावी परतू लागले. आपण आलो तेव्हा दसरा होऊन गेला होता.

ती चढण मला अजून पायांत आठवते. बा पुढे, तू मधे, मी तुझ्या लुगड्याला धरून. आंगण दिसलं आणि तू थांबलीस. आंगण झाडलेलं आहे, सडा टाकलेला आहे, आणि सडा अजून ओला आहे. दरवर्षी पावसानं आपली माती उतारावरून वाहून जायची आणि दरवर्षी आपण ती टोपल्यांनी वर आणून दगडी बांधांमागे भरायचो. ती भरलेली आहे. घरामागच्या सांदवाडीत वालाला मांडव घातलाय, वांग्यांना आळी केलीत, मिरच्या लाल झाल्यात. आपण तर निघताना एक बी टाकलं नव्हतं. दाराला कुलूप नव्हतं. बांनी दार ढकललं, तर उघडेना. आतून कडी होती.

बांनी हाका मारल्या. मराठीत मारल्या, तेलुगूत मारल्या, गोंडीतलं जे काय येत होतं तेही बोलून झालं. शेवटी छपरावर चढून त्यांनी चुलीवरची कवेलू बाजूला केली, आत उतरले आणि दार उघडलं. आत कोणी नव्हतं. मागचा अडसर त्यांनी लावला होता तसाच. रांजण भरलेला, भांडी घासून पालथी घातलेली. "आपली चाहूल लागली अन् छपरावरून पळाली असंल एखादी बिचारी," बा म्हणाले. तू वर पाहिलंस. कवेलूंवर दोडक्याचा वेल पसरला होता आणि बा उतरले तेवढी जागा सोडली तर त्याचं एक पान मोडलं नव्हतं. मग तू वाकून जमीन बघत राहिलीस. सारवताना हात फिरतो त्याची कमान उठते. तुझ्या कमानी मला पाठ होत्या. या सगळ्या उलट्या होत्या. बाई डावखुरी होती.

दुसरी एखादी असती तर तिनं घर धुऊन काढलं असतं, नाहीतर भगत बोलावला असता. तू काय केलंस? तू पाहुण्यासारखी राहू लागलीस, स्वतःच्या घरात! तिनं मिठाचं मडकं जिथं ठेवलं तिथंच ते राहिलं. शेंगा तोडायच्या आधी तू म्हणायचीस, "घेतो वो बाई, चार शेंगा." झऱ्यावर निघालीस की उंबऱ्यात वळून "येतो वो बाई". मी भीतीनं अर्धी व्हायची. एकदा वाटेवरून एका बाईनं हाक दिली, "घरात कोनी हाय का?" तू सांदवाडीत होतीस. मी आंगणातूनच ओरडले, "कोनी नाई!" तू मातीच्या हातानं आलीस आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास. "कोनी नाई असं कदी म्हणू नको. घरचं माणूस ऐकून राह्यलं." त्यानंतर मला आत एकटीला जाववेना. पाण्याचा तांब्याही मी तुझ्याकडून बाहेर मागवून घ्यायची आणि तू वैतागायचीस, "भेते काऊन? तिनं काय तुले खाल्लं का?"

आणि तो वेचणीचा दिवस. तू आणि बा खाली वावरात पऱ्हाटीत होता, मी शाळेतून आले. दार नुसतं लोटलेलं. मधल्या घरातली जमीन ताजी सारवलेली होती, ओली, शेणाचा वास येत होता, आणि कमानी उलट्या. मी उंबऱ्यावरच बसून राहिले. तू ओटीत कापूस घेऊन चढून आलीस तेव्हा विचारलं, "माय, डाव्या हातानं काऊन सारवलं?" तू आत डोकावलीस. बराच वेळ बघितलंस. मग माझ्याकडे नाही, घराकडे तोंड करून म्हणालीस, "बरं झालं वो बाई, मले आज होतच नव्हतं." आणि मला, "ओलं हाय, पाय नको देऊ." मी पुढं आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं, तेही तेलुगूतून. मला वाटतं तूच सारवलं असशील सकाळी, दुसरा हात शिकून घेतला असशील, सोबत म्हणून. पण वेचणीच्या उन्हात सकाळचं सारवण दुपारपर्यंत ओलं राहत नाही, माय.

मग भाषेवरून राज्यं झाली. किनवट तिकडं मराठी राज्यात गेलं, आपण इकडं तेलुगू राज्यात राहिलो. काकांनी किनवटजवळ घर बघून ठेवलं. बांचं मन झालं होतं. म्हणाले, "पोरगी तेलुगूत काय शिकंल? कचेरीत आपल्याले कोन इचारंल? चला, आपल्या मानसांत जाऊ." तू वांग्यांना पाणी घालत होतीस. घालतच राहिलीस. बा चिडले, "घर आपलं हाय, पट्टा माह्या नावानं हाय, इकून मोकळं होऊ." तेव्हा तू उभी राहिलीस. "आमी नव्हतो तवा तिनं घर सांभाळलं. आता तिले एकटीले सोडून जाऊ? तुमी जा, मी नाई येत." बा कपाळावर हात मारून खाली निघून गेले. नातेवाईक अजून हसतात, की सगळे आपापल्या राज्यात गेले आणि हे एका नसलेल्या बाईपायी राहिले. मी रडत रडत तेलुगू शिकले, त्याच भाषेनं मला नोकरी दिली. म्हणजे माझं पोट त्या बाईनं भरलं म्हणायचं का? मला कधी हसू येतं, कधी अंगावर काटा येतो.

तू गेलीस तेव्हा मी गुडीहत्नूरला शिकवत होते. शेवटी शेवटी तुला माझी ओळख पटत नव्हती, तरी हात धरून म्हणालीस, "घर रिकामं टाकू नको. एकटी पडंल ते." तुझ्यामागं बा बरीच वर्षं तिथं राहिले. तुझी टर उडवणारे बा! एका सुट्टीत मी बांधाचे दगड लावत होते, तिथून मी त्यांना दिसत नव्हते. ते वहाणा घालून दारात उभे राहिले, मागे वळले आणि हळूच म्हणाले, "वावरात जाऊन येतो." मी खाली मान घालून दगड लावत राहिले. त्यांच्यानंतर, नोकरी संपल्यावर मी आले. मी काही बोलायची नाही तिच्याशी, हट्टानं बोलायची नाही. पण माती वर आणली, वाल लावला आणि मिठाचं मडकं हलवलं नाही. मला तिथं एकटं कधी वाटलं नाही, हे मी कुणाला सांगू?

परवा मुलगा आला. हल्ली राज्य नवं, जिल्हेही तोडलेले, त्यामुळे तो म्हणतो आपण आता वेगळ्या जिल्ह्यात राहणार, मजाच आहे. घराला गिऱ्हाईक बघतोय. सामान उचलून म्हणाला, "मी गाडीपर्यंत जातो, तू कुलूप लाव आणि सावकाश उतर." मी चूल पुसली, भांडी पालथी घातली, रांजण भरलेला होता. दार ओढलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "येतो वो बाई." सगळा जन्म दाबून ठेवलेलं. किती वेळ उभी राहिले कोण जाणे, खालून हॉर्न वाजायला लागला.

गाडीत त्यानं विचारलं, "लावलंस ना नीट?" मी हो म्हटलं.

हे पाठवू कुठं? पत्ता त्याच घराचा आणि ती चढण कुठला पोस्टमन चढणार. शिवाय तुला वाचता येत नव्हतं. तिचं मला माहीत नाही. राहू दे, उशीखाली ठेवते. पण तुला म्हणून सांगते, मुलाला कळू देऊ नको. कुलूप माझ्या पिशवीत आहे. घरात माणूस असताना बाहेरून कुलूप घालायला माझा हात झाला नाही.