मध्यंतरात नाना कुठे गेले होते

देवपूर, धुळे
दि. २३ नोव्हेंबर २०२५

चि. ऋतिका हिस,
नानाचा सप्रेम जयभीम व अ. उ. आ. वि. वि.

काल सामना संपल्यावर तू मान खाली घालून गाडीत बसलीस आणि मी खिडकीपाशी पोचेपर्यंत गाडी सुटली. रात्री फोन करणार होतो. पण एस.टी.च्या वर्कशॉपनं माझे कान नेले ते नेलेच. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाचं घालतो, असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. तेव्हा पत्रच बरं.

८१–७. आकडा लिहून टाकला, आता त्याला घाबरायचं कारण नाही.

आमच्या इथल्या कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल मी गेली सहा वर्षं बघतोय, हे तुला ठाऊक आहे. फिरायला जातो त्या वाटेवरच त्यांचं मैदान. आता त्या पोरी मला आपल्यातलाच धरतात. त्यांची कप्तान दिपमाला, ती साक्रीकडची उंच मुलगी, तिच्या तोडीची खेळाडू आपल्या सगळ्या खान्देशात मला तरी दिसत नाही. अशा संघापुढे तुम्ही सहा जणी आलात. त्यातल्या साक्षीचा पाय पहिल्या पाच मिनिटांतच मुरगळला. राहिल्या पाच. बदली कोणी नाही, दम खायला कोणी नाही. आमच्या कबड्डीत बाद झालेला गडी निदान बाहेर बसून श्वास तरी घेतो. तुमच्या नशिबी तेही नव्हतं.

तरी मी काय पाहिलं ते सांगतो. त्यांची बास्केट पडली की चेंडू उचलायला तू पळायचीस, रेषेबाहेरून आत फेकायचीस आणि पुन्हा पळायला लागायचीस. एकदाही कमरेवर हात ठेवून उभी राहिली नाहीस. ६४–५ झालेले असताना तुझ्या बुटाची नाडी सुटली. तू खाली बसून ती सावकाश, दुहेरी गाठ मारून बांधलीस, आणि उठून पुन्हा दिपमालासमोर जाऊन उभी राहिलीस. आम्ही कबड्डीत पंधरा गुणांनी मागे पडलो की पंचाशी भांडण उकरून काढायचो, म्हणजे हरल्याचं कोणाच्या लक्षात राहत नसे. तुम्ही पाच जणींनी पंचाकडे वर डोळे करून पाहिलं नाही. माझ्या शेजारी आमच्या गल्लीतला भिकन बसला होता. तो म्हणाला, बठ्ठ्या दमी गयात, पन हाई पोर आजून पयी राहिनी. सगळ्या दमल्यावरही तू पळत होतीस हे त्यालाही दिसलं. मी त्याला सांगितलं की ती माझी नात आहे. सामना सुरू व्हायच्या आधीही मी हे त्याला चारदा सांगितलं होतं.

आणि शेवटी शेवटी तू टाकलेली ती बास्केट. मध्यंतरानंतर तुमच्या नावावर तेवढीच एक, आणि तीही दिपमाला अंगावर आलेली असताना. सगळं मैदान टाळ्या वाजवत उठलं, धुळ्याचं मैदान. मी तर आधीपासून उभाच होतो. मला तुझा फार अभिमान वाटला. तोंडावर सांगता आलं नाही म्हणून लिहून ठेवतो.

आईला आशीर्वाद सांग. माझ्यावर लोभ आहे तो ठेव आणि वेळेवर जेवत जा.

तुझा,
नाना


पिंप्राळा, जळगाव
दि. २८ नोव्हेंबर २०२५

ती. नानांस,
सारिकाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. ऋतिकानं उभ्या उभ्या वाचायला घेतलं, टाळ्यांपर्यंत आली आणि घडी घालून मला देऊन टाकलं. धुळ्याहून आल्यापासून तिचं असंच चाललंय. विचारलं तेवढंच उत्तर देते. काल भरीत केलं होतं, तुमच्यासारखीच तीही भरितावर तुटून पडते एरवी. अर्धी भाकरी खाऊन उठली. आज सकाळी जर्सी धुऊन, इस्त्री करून पिशवीत भरली आणि म्हणाली, सोमवारी सपना मॅडमना परत देणार.

मी दवाखान्यातली ड्युटी संपवून येताना मुद्दाम मॅडमना भेटून आले. १४ डिसेंबरला भडगावच्या कॉलेजशी आमच्या इथेच सामना आहे. साक्षीचा पाय तोवर बरा होत नाही. म्हणजे ऋतिका नसली तर चौघीच उरतात, आणि पाच जणी असल्याशिवाय सामना सुरूच होत नाही. न खेळताच भडगाव जिंकणार. मॅडम म्हणाल्या, असं झालं तर पुढच्या वर्षी मुलींचा संघ ठेवा म्हणून वरच्यांना कोणत्या तोंडानं सांगू. त्या ऋतिकाला आग्रह करायला तयार नाहीत. तिचं मन नसताना तिला मैदानात उतरवणार नाही म्हणतात, आणि मला ते पटलं.

आता तुम्हाला राग येईल असं लिहिते. तिला हरल्याचं एवढं लागलेलं नाही. साक्षीचा भाऊ तेजस सामना बघायला आला होता. त्यानं तुम्हाला मध्यंतरात दिपमालाच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी सांगताना पाहिलं. तेव्हापासून हिनं डोक्यात घेतलंय की तुम्ही माझ्या नातीला सांभाळून घ्या म्हणून सांगायला गेलात, आणि ती एक बास्केट दिपमालानं तिला दिली. मी तुमची बाजू घ्यायला गेले, पण नाना, मला माझंच जुनं आठवलं. मी सातवीत असताना वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकांना जाऊन, पंख्याचा आवाज होता, मुलीचं भाषण पुन्हा ऐका, असं सांगणारे तुम्हीच. मला तेव्हा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ते आजपर्यंत मी कोणाला दाखवलेलं नाही.

तिनंही चिठ्ठी लिहिलीय, याच पाकिटात ठेवते. मी वाचलेली नाही. जे असेल ते तिला खरं लिहा. गोड लिहू नका.

तब्येतीला जपा. लेकीवर माया असावी, ती बोलते त्यापेक्षा कमी रागावलेली असते.

तुमची,
सारिका


जळगाव
दि. २८ नोव्हेंबर २०२५

ती. नानांना,
स. जयभीम.

मी थोडक्यात लिहिते, कारण जास्त लिहिलं तर उलट बोलल्यासारखं होईल.

पूर्ण सामनाभर माझा एकही चेंडू दिपमालाताईंनी वर जाऊ दिला नाही. प्रत्येक वेळी त्यांचा हात माझ्या हाताच्या वर असायचा. आणि शेवटी मी चेंडू टाकला तेव्हा मी पाहिलं, त्यांचे पाय जमिनीवर होते. त्या उडाल्याच नव्हत्या. त्यांच्यासारखी खेळाडू उडत नाही म्हणजे तिनं न उडायचं ठरवलेलं असतं. मग सगळे टाळ्या वाजवायला लागले आणि मला मैदानातून पळून जावंसं वाटलं.

शंभर गुणांनी हरलो असतो तरी मला चाललं असतं नाना. ८१–५ मी सहन केलं असतं. पण ते दोन गुण कोणीतरी माझ्या हातावर ठेवलेले असतील तर मला ती जर्सी अंगात घालवणार नाही. मध्यंतरात तुम्ही त्यांना काय सांगितलंत, तेवढंच लिहा.

राग मानू नका. माझं प्रेम आहे म्हणूनच विचारतेय.

तुमची,
ऋतिका


देवपूर, धुळे
दि. २ डिसेंबर २०२५

चि. ऋतिका हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तेजसनं पाहिलं ते खरं आहे. मी गेलो होतो. काय बोललो ते त्याला ऐकू आलं नाही एवढंच.

पहिल्या पत्रात मी हे लिहिलं नाही, कारण हिंमत झाली नाही. आता सगळं सांगतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये काय चाललं होतं हे तुला पळापळीत दिसलं नसेल, बसलेल्या माणसाला दिसतं. आमच्या पोरींनी खेळ सोडून दिला होता. एकीनं गंमत म्हणून डाव्या हातानं चेंडू टाकला आणि मैत्रिणीकडे बघून हसली. एक जण तुमच्यातल्या एकीला वाट देऊन चक्क बाजूला झाली. मग नुसताच एकमेकींना पास, बास्केटकडे कोणी जाईना. लोक हसायला लागले. तुम्ही जीव तोडून पळताय आणि त्या तुम्हाला खेळवताहेत, हे बघून माझं डोकं फिरलं.

मध्यंतर झालं, ३१–५ होते. मी उठून सरळ दिपमालाकडे गेलो आणि तिला म्हणालो की हात राखू नका. ती म्हणाली, सरांनीच सांगितलंय, पाहुण्या पाचच आहेत, जरा सबुरीनं घ्या. शिवाय तुमची नात आहे, तुम्हाला वाईट वाटेल. मी म्हणालो, पाहुण्या म्हणून नाही आल्या त्या, पहाटेच्या गाडीनं खेळायला आल्यात, त्यांना पुरा खेळ द्या. तिनं मला दोनदा विचारलं की नाना नक्की का. मी नक्की म्हणालो आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तिसरा क्वार्टर सुरू झाला आणि बघता बघता तीन बास्केट पडल्या. तेव्हा मला कळलं मी काय करून बसलोय. भिकननं विचारलं, काय सांगून आलास त्यांना. मी म्हटलं, आशीर्वाद दिला. मध्यंतरानंतर त्यांनी पन्नास गुण केले, त्यातले वीसेक तरी तुझ्या आजोबामुळे झाले असं धर. त्यासाठी हवं तेवढं रागाव. कोणता आजोबा लिहील, की मी समोरच्यांना सांगून आलो, माझ्या नातीला आणखी हरवा.

आता तुझी बास्केट. दिपमाला उडाली होती. तू चेंडू वर नेलास आणि क्षणभर तिथेच थांबलीस. ती त्या हुलकावणीला फसली आणि आधीच उडाली. तू चेंडू सोडलास तेव्हा ती खाली येऊन टेकली होती, म्हणून तुला तिचे पाय जमिनीवर दिसले. मला बास्केटबॉल किती कळतो हा प्रश्न आहे, पण हुलकावणी कळते, त्यात माझं आयुष्य गेलं. त्यांचे सर तिला त्याबद्दल सगळ्यांदेखत बोलले, इतक्या साध्या डावाला फसलीस म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मैदानावर मला थांबवून तुझं नाव विचारलं.

तेव्हा जर्सी परत द्यायची तर दे, तुझा निर्णय आहे. पण कोणी दया केली म्हणून देऊ नकोस. त्या मैदानावर तुझ्यावर कोणी दया केली नाही, मी तर मुळीच नाही.

तुझ्या आईला सांग, ते वक्तृत्वाचं भाषण खरंच चांगलं होतं. माझ्यावरचा लोभ जरा पातळ झाला असेल तर समजून घेईन.

तुझा,
नाना


पिंप्राळा, जळगाव
दि. १६ डिसेंबर २०२५

ती. नानांना,
ऋतिकाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग आईला दिलं. आई पंधरा मिनिटं तुमच्या नावानं ओरडत होती. असा बाप कुठे पाहिला नाही म्हणाली. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेजारच्या काकू बघायला आल्या.

मला हसू आलं नाही, आधी फार राग आला. रात्री जेवताना एकेक आठवायला लागलं. तिसऱ्या क्वार्टरला दिपमालाताई एकदम वेगळ्याच खेळायला लागल्या होत्या. मला मैदानभर सोडेनात, दोनदा खांद्यानं असं लोटलं की मी पडले. मला वाटलं, आमचं काहीतरी चुकलं म्हणून त्या चिडल्यात. त्या चिडल्या नव्हत्या. तेव्हा कुठे त्या आमच्याशी खेळायला लागल्या होत्या. हे लक्षात आलं आणि माझा घास हातातच राहिला. नाना, एवढा मान मला आजवर कोणी दिला नव्हता. तुमच्यावरचा राग मात्र अजून पूर्ण गेलेला नाही, तीन बास्केट एका दमात खाऊन बघा म्हणजे कळेल.

आता माझं ऐका. तुम्ही ज्याला हुलकावणी म्हणता ती हुलकावणी नव्हती. घामानं चेंडू हातातून निसटत होता. तो सावरायला मी थांबले आणि मग घाईनं कसातरी फेकला. दिपमालाताई माझ्या घामाला फसल्या. त्यांच्या सरांना हे सांगू नका, त्यांना आणखी बोलणी बसतील.

जर्सी दिली नाही. भडगावशी आम्ही पाच जणी खेळलो आणि हरलो, ४१–३६. मी सहा बास्केट केल्या. दोनदा चेंडू वर नेऊन मुद्दाम थांबून पाहिलं. एकदा समोरची मुलगी फसली, एकदा माझाच तोल गेला आणि सपना मॅडमसकट सगळे हसले. आता रोज संध्याकाळी तेच करतेय. मॅडमनी प्रथम वर्षाच्या दोन मुली आणल्यात, त्यांना अजून नियम नीट येत नाहीत, पण पळतात चांगल्या.

पुढच्या वर्षी सामना पुन्हा धुळ्याला आहे. दिपमालाताईंचं ते शेवटचं वर्ष. तुम्ही यायचंच. आणि मध्यंतरात आम्ही कितीही मागे असलो तरी उठून त्यांच्याकडे जायचं आणि हेच सांगायचं. या वेळी सांगताना माझं नाव घ्या, म्हणजे त्यांना दोनदा विचारावं लागणार नाही.

लोभ असू द्या, फक्त तो गुणफलकावर दिसू नये.

तुमची,
ऋतिका