तांबूच्या अंगावरची राख

६ जुलै, रत्नागिरी
बुरोंडीहून बाबांचा फोन. तांबू दोन दिवस वैरण हुंगून सोडते. दात खाते, भिंतीला डोकं लावून उभी राहते. "दिसत नाय गो बाय तिला. माज्या अंगावरच आली." आई गेल्यापासून त्या घरात बाबांशी बोलायला ती एक गायच. मुलांचं उद्याचं प्रॅक्टिकल पुढे ढकललं. पहिली एसटी.

७ जुलै, बुरोंडी
दापोलीला गाडी बदलून पोचेस्तोवर दुपार. तांबू गेली होती. गुरांचे डॉक्टर थांबलेले, रक्त त्यांनी सकाळीच घेतलं होतं. विषबाधा वाटते म्हणाले. नमुने घेऊ का, त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "मेल्यावर तरी कापू नका तिला." मीच हट्ट धरला. यकृत-मूत्रपिंडाचे तुकडे आणि सकाळच्या रक्ताची नळी मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात, बंदरावरचा बर्फ घालून. बाबा पाठ फिरवून बसले होते. माडाखाली पुरली.

८ जुलै
सकाळी अंगण नीट बघितलं. म्हणजे पहिल्यांदाच.
होडी वर ओढली की बाबा दर पावसाळ्यात शिसं वितळवतात, जाळं बुडावं म्हणून त्याला लावायच्या गोळ्या ओततात. लहानपणी त्याच गोळ्यांनी मी पाचखडे खेळायचे. यंदाचं शिसं जुन्या बॅटरीतलं. ती बॅटरी माझ्या इन्व्हर्टरची. मीच दिलेली, "फुकट कशाला टाका" म्हणून.
गोठा ओला राहतो, गोचीड होतात, म्हणून चुलीची राख पसरायची आणि गुराच्या अंगाला चोळायची, हे आईचं काम. आता घरी गॅस. चूल आईबरोबरच विझली. बाबांकडे राख उरली ती शिशाच्या भट्टीची. तीच रोज चोळत होते. आणि गाय अंग चाटतेच.
चार वर्षं मी उंदरांना शिसं पाजून त्यांच्या यकृत-मूत्रपिंडातले एन्झाइम मोजतेय. शहाणी.
बाबांना अजून बोलले नाही. जाळं विणताना त्यांचा हात थरथरतो. पोटात कळ येते, म्हणे पित्त आहे.

११ जुलै, रत्नागिरी
दोन दिवस लॅबमध्येच. कंट्रोलला, म्हणजे तुलनेला, हातखंब्याला ट्रकने उडवलेल्या एका निरोगी गायीचे नमुने होते फ्रीजरमध्ये. तांबूचं रक्त तपासायला लावलं, मग यकृत, मग मूत्रपिंड. रक्त घडवायला लागणारं, शिसं बंद पाडतं ते एन्झाइम तिन्हीकडे तळाला. पुन्हा लावलं. तेच. एन्झाइमात जिथे जस्त बसायचं तिथे शिसं जाऊन बसतं, हे मी मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवते. मुलं उतरवून घेतात. मीही तसंच उतरवून घेतलं असणार.
उंदरांच्या वेळी असा आकडा आला की मी खुशीत चहा मागवायचे.

१२ जुलै
फोन. "कशानं गेली ती? कळला काय?" अजून चाललंय म्हटलं. खोटं. सांगितलं तर त्यांना काय उरतं? नाही सांगितलं तर उद्या पुन्हा भट्टी पेटवतील, तोच धूर छातीत घेतील. सांगायला हवंच. फोनवर नको.

१५ जुलै, बुरोंडी
सांगितलं. जेवण झाल्यावर, ओटीवर. शिसं, राख, चाटणं, सगळं. बॅटरी माझी होती हेही.
बाबा म्हणाले, "मी चोळायचो तेव्हा मान लांब करायची ती. तिला बरा वाटायचा." एवढंच.
उठून गोठ्यात गेले आणि जमीन धुवायला लागले. एकटेच, बादलीमागून बादली. मी झाडू घेतला तर काढून घेतला. धुतलेलं पाणी माडांकडे जात होतं, तेही थांबवावं लागलं. तिथेच ती पुरलेली. मला रडू आवरेना. बाबांनी पाहिलं.
झोपताना म्हणाले, "माजापण रगात ने."

१६ जुलै, रत्नागिरी
निघताना दवाखान्यात बाबांचं रक्त काढून घेतलं. एक नळी तिथे तपासायला, एक मला. बर्फात घालून मांडीवर घेऊन आले. गोळ्या ओतायचा साचा बाबांनी पिशवीत घालून दिलाय, "तुज्याकडे ठेव."
कंट्रोल म्हणून निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. माझंच घे म्हटलं लॅब असिस्टंटला. बाही वर केली, तिने पट्टा बांधला, आणि आठवलं. साच्यातून काढलेल्या गरम गोळ्या मी फ्रॉकच्या ओच्यात घ्यायचे. पाचखड्यांतली माझी गोळी ओळखू यावी म्हणून तिला दाताने खूण करायचे. रोज.
"मॅडम, काढू ना?"
काढ म्हटलं.
दोन्ही नळ्या फ्रीजमध्ये आहेत. एकीवर बाबांचं नाव, दुसरीवर माझं. कंट्रोल असं कुठल्याच नळीवर लिहिलेलं नाही. सकाळी लावेन.