अंगणातली खडी आणि जवळ्याची केरसुणी

सोमवार, दिवेलागणीनंतर

सासूबाईंची जवळ्याची केरसुणी आठवडाभर दारामागे उभी होती. का, ते मला आज कळलं. मूर्खच मी.

फुटका कोबा दिसू नये म्हणून हौसेने सगळ्या अंगणात पांढरी खडी टाकून घेतली. फोटो माहेरी, पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये पाठवले. आज बघते तर सासूबाई शेजारच्या अंगणात जवळा वाळत घालतायत. आमच्याकडे घातला तर तो बारीक जवळा खडीत शिरणार, केरसुणीने गोळा कसा करायचा? लग्न होऊन या राई गावात येऊन सहा वर्षं झाली, एवढंही सुचू नये?

"आई, बोलला का नाहीत?"

"तू खुशीत व्हतीस."

मग मीच फावडं घेतलं. अर्धं अंगण मोकळं केलं. नळापाशी पोचले तर म्हणाल्या, "ती र्‍हाऊ दे. म्हावरा धुताना पाय न्हाय सरकत आता."

म्हणजे आवडली होती. थोडी तरी.

दिवे लागल्यावर केरसुणीला कुणाला हात लावू देत नाहीत. आत्ता स्वतःच, मी मोकळा केलेला कोबा झाडतायत. उद्याच्या जवळ्यासाठी.