पंचाहत्तर टक्के रुंदी

आई, तुझे वर्तुळ गोलच होते. हे वाक्य आधी लिहून टाकते, कारण पुढचे सांगताना माझा क्रम चुकण्याची शक्यता आहे. आणि क्रम चुकला की तू वही परत करायचीस.

राजूरच्या शाळेने तुला निरोप दिला, त्या दिवसाची चित्रफीत तुला आठवत असेल. घाटातली वळणे आणि एसटीचे धक्के आता सोसत नाहीत, असे कारण देऊन तू स्वेच्छानिवृत्ती घेतली होतीस. मी तेव्हा पुण्यात, शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत. तूच फोनवर बजावले होतेस की भाषणे ऐकायला येऊ नकोस, पेपर महत्त्वाचे. त्यामुळे तो समारंभ मी पाहिला तो फक्त चित्रफितीत. शेवटी मुले हट्ट धरतात, बाई, एकदा वर्तुळ काढा. तू उठतेस, खडू घेतेस, आणि कंपास नाही, दोरी नाही, एका दमात फळ्यावर रेघ फिरवतेस. टाळ्या पडतात. पण फळ्यावर उमटलेले असते ते आडवे पडलेले अंडे.

तू गेल्यावर कित्येक रविवारी, उपासनेहून आल्यावर, पप्पा त्या चित्रफितीची तबकडी लावायचे. त्या क्षणाला येऊन हसत म्हणायचे, "निरोपाच्या दिवशी मास्तरीणबाईंचा हात हलला." एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला माणूस, तुझ्या चित्रकलेची एकच चूक सापडली म्हणून त्यांना आनंद होतो, असे मला वाटे. मी मात्र तेवढ्यात चहा ठेवायला आत जाई. तुझा चेहरा मला सलग पाहवत नसे. ओझरते दिसे ते एवढेच, की तुझे गाल भरलेले आहेत, अंगावर सत्काराची शाल आहे आणि तू ठणठणीत आहेस. म्हणजे आजार नंतर आला, अचानक आला, कुणाला काही करता येण्यासारखे नव्हतेच. इतकी वर्षे मी त्या आधारावर उभी होते.

अकोले गावातल्या आपल्या घरातली एक सकाळ आठवते. तू चुलीपुढे बाजरीची भाकरी थापते आहेस आणि मी पाटावर बसून ताटाचे चित्र काढते आहे. तू मान वळवून पाहतेस. "ताट असं असतं तर माझी भाकरी बसली असती का त्यात?" मी कागद चुरगाळते. तू पिठाच्या हाताने तो पुन्हा उलगडतेस, माझ्या दंडाला धरतेस, आणि आजही माझ्या दंडावर त्या पिठाचा कोरडेपणा आहे. "मनगटातून नको, खांद्यातून फिरव. आणि रेघेकडं बघू नकोस. जिथं पोचायचं, तिथं बघ." मग तव्यावरची भाकरी करपली, आणि त्याचे खापरही तू माझ्याच ताटावर फोडलेस.

आता मी नगरच्या एका महाविद्यालयात चित्रफितींचे संकलन शिकवते. आमच्या विषयात एक प्रकरण आहे, चित्राच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणाचे, आणि ते शिकवताना मला अजूनही पहिल्या दिवसासारखा हुरूप येतो. पडद्यावरची माणसे बेढब दिसली की विद्यार्थी लगेच त्यांना दाबून बारीक करायला धावतात. मी थांबवते. माणूस हे माप नव्हे, म्हणते. माणसे जाडही असतात, बारीकही असतात. आधी चित्रात गोल काय आहे ते शोधा. घड्याळ, ताट, सायकलचे चाक. गोल वस्तू खोटे बोलत नाही. ती चपटी दिसली तर पुढचा प्रश्न: दोष पडद्यात आहे की फितीत? दुसऱ्या पडद्यावर लावून पाहा. तिथेही चपटी दिसली, तर तिसरा प्रश्न, आणि इथे मी खडू खाली ठेवते, कारण हा भाग मला फार आवडतो. जुन्या कॅसेटवरचे चौकोनी चित्र आणि रुंद चित्र, दोन्हींत बिंदूंची संख्या एकच असते. प्रत्येक बिंदू किती रुंद मानायचा, एवढीच एक खूण सोबत असते. ती खूण चुकीची लागली की सॉफ्टवेअर निमूटपणे सगळे ताणून बसवते. हरवत काही नाही. बिंदू सगळे जागच्या जागी असतात; फक्त त्यांच्याविषयीची समजूत चुकलेली असते.

हे सगळे मी वर्षानुवर्षे शिकवले, आणि घरातली ती एक चित्रफीत कधी उघडली नाही.

यंदा शाळेने चित्रकलेच्या वर्गाला तुझे नाव द्यायचे ठरवले. कार्यक्रमात ती फीत मोठ्या पडद्यावर दाखवायची होती, म्हणून मुख्याध्यापकांनी ती मागितली. पप्पांकडची तबकडी आणून मी माझ्या संगणकावर घेतली आणि सवयीने गोल वस्तू शोधली. तुझ्या मागच्या भिंतीवर घड्याळ होते. तेही आडवे, अगदी तुझ्या वर्तुळाइतकेच. त्या घड्याळाकडे आमच्यापैकी कुणीच कधी पाहिले नव्हते. आई, मी खुर्चीतून उठून उभी राहिले. हात हलला नव्हता! साध्या कॅमेऱ्याने घेतलेले चौकोनी चित्र व्हिडिओवाल्याने रुंद पडदा भरावा म्हणून ताणून बसवले होते; तेव्हा घरोघरी नवे रुंद टीव्ही येत होते आणि कडेला काळ्या पट्ट्या कुणालाच नको असत. मी उंचीला हात लावला नाही. रुंदीच्या चौकटीत शंभराच्या जागी पंचाहत्तर लिहिले. घड्याळ गोल झाले. तुझ्या हातून फिरणारी रेघ जिथे निघाली तिथेच येऊन मिळाली. मी फीत मागे नेऊन तो क्षण पुन्हा पुन्हा पाहत होते, आणि हसत होते.

मग मी ती पुढे जाऊ दिली. तू फळ्याकडून वर्गाकडे वळलीस.

गळ्याची हाडे वर आलेली. खडू धरलेला हात उंच होता, आणि बांगड्या मनगट सोडून पार कोपराशी गेलेल्या. शाल सत्काराची होती, पण हात खाली येताच तू ती त्याच हाताने पुढून घट्ट आवळून घेतलीस. वळताना तुझ्या डाव्या हाताची बोटे फळ्याच्या कडेला टेकली आणि टेकूनच राहिली. त्या एका आकड्याने तुला वाळवले नव्हते; तू तशीच होतीस. परीक्षा आटोपून मी घरी आले तेव्हा तू म्हणाली होतीस, उन्हाळ्यात सगळेच वाळतात. मी त्यावर विश्वास ठेवला, आणि जो थोडा संशय उरला होता तो पुढे या फितीने पुसून टाकला. अचानक असे काही झालेच नव्हते.

रविवारी लॅपटॉप घेऊन अकोल्याला गेले. पप्पांना आधी काही सांगितले नाही, नुसते दाखवले. वर्तुळ पूर्ण झाले तेव्हा ते पुढे झुकले. तू वळलीस तेव्हा त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी वाट पाहिली. त्यांना धक्का बसेल, या भीतीने मी पाण्याचा तांब्यासुद्धा जवळ आणून ठेवला होता.

"एवढीच राहिली हुती ती," ते म्हणाले. "मला ठाऊक हाय."

मग त्यांनी सांगितले, थांबत थांबत, जमिनीकडे पाहत. डॉक्टरांनी निदान सांगितले ते निवृत्तीच्या अर्जाआधीच. तूच त्यांना शपथ घातलीस, पोरीचे पेपर होईपर्यंत अक्षर काढायचे नाही. पेपर झाल्यावर तू म्हणालीस, निकाल लागू दे. व्हिडिओवाला तू गेल्यानंतर घरी आला होता. काका, फीत ताणली गेलीय, नीट करून देतो, म्हणाला. पप्पांनी त्याला चहा पाजून परत पाठवले.

"का पण, पप्पा?"

"भरल्या अंगाची दिसत हुती त्याच्यात. लगीन करून आणली तवा हुती तशी." त्यांनी चष्मा उचलून पुसला, घातला नाही. "तिचं वर्तुळ बिघडलं, ते बी दिसत हुतं मला. काय करू? एकाला सरळ केलं की दुसरं जात हुतं. मग म्हनलं, हातच हलला म्हनू. ती काय रागावनार न्हाई."

मी त्यांना समजावू लागले की तुकडे करून वर्तुळ नीट ठेवता येईल आणि तुझा चेहरा जुनाच. संकलनात ते अवघड नाही. त्यांनी मान हलवली. "शाळेला खरं दे. वर्तुळ त्या पोरांचं हाय. माझी तबकडी मातर तशीच राहू दे."

शाळेत मी खरी फीत दाखवली. सभागृहात तुझे जुने विद्यार्थी होते. वर्तुळ मिळाले तशा टाळ्या पडल्या, त्या वेळी पडल्या तशाच. तू वळलीस तेव्हा त्या थांबल्या. पुढच्या रांगेत पप्पा बसले होते आणि फक्त तेच टाळ्या वाजवत राहिले.

या सत्रात ते प्रकरण पुन्हा शिकवले. उदाहरणाला सायकलचे चाक घेतले. मुलांना सांगितले की प्रमाण एकदा दुरुस्त केले की चुकीची प्रत काढून टाकावी, नाहीतर पुढे घोटाळा होतो.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून एवढे लिहिते. मधूनमधून मी संगणकावर तुझ्या फितीचा प्रकल्प उघडते, पंचाहत्तर खोडून शंभर लिहिते आणि तुझे गाल भरताना पाहते. वर्तुळ बिघडते, बिघडू देते. थोडा वेळ तशीच बसते. बंद करताना सॉफ्टवेअर विचारते, केलेले बदल जतन करायचे का. मी दर वेळी 'नाही' दाबते, आणि दाबण्याआधी दर वेळी थांबते.