याडीचा सत्कार

१९ सप्टेंबर २००५

दारावरची पाटी बदलली. शनिवारपर्यंत 'लेबर ऑफिसर', आजपासून 'एच. आर.' खुर्ची तीच, एका हाताची. जी.एम. साहेब पुण्याला दोन दिवसांचं शिबिर करून आलेत, त्याचा हा प्रसाद. समोर बसवून तासभर शिकवलं. एच. आर.च्या माणसाला ऐकून घेता आलं पाहिजे. समोरच्याच्या जागी उभं राहता आलं पाहिजे. विश्वास कमावता आला पाहिजे, पोटातलं पोटात ठेवता आलं पाहिजे. सांगताना दातात काडी चालूच.

मग म्हणाले, "कदम, हे गुण तर तुमच्यात उपजतच आहेत हो." मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, गाढव मी.

२२ सप्टें.

उपजत गुण कशाला लागतात ते आज कळलं.

शांताबाई राठोड. सूतगिरणी सुरू झाली तेव्हापासून वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, कायम कामगार. डोंगरकड्याकडच्या तांड्यावरून येते. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर हिच्या पगारावर. खात्यातल्या सगळ्या बाया तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. मागच्या महिन्यात बायांच्या संडासाला पाणी नाही, दाराला कडी नाही, म्हणून हिनं मशीन बंद पाडल्या. मी तेव्हा जाऊन बघितला होता तो संडास. नाकाला रुमाल लावून बाहेर आलो आणि विहिरीजवळ ओकलो. बाया रोज जातात तिथं.

कडी अजून बसली नाही. याडीला काढायचं मात्र ठरलं.

'काढायचं' म्हणायचं नाही. जी.एम. म्हणाले, सत्कार करायचा.

२३ सप्टें.

काल रागात अर्धंच लिहिलं. आमच्या गिरणीत ही रीतच पडून गेलीय. खंडेनवमीला मशीनची पूजा, मांडव, कामगारांची घरची माणसं, भाऊबंद, गावची चार मोठी मंडळी. माइकवर नाव पुकारायचं, शाल-नारळ. हातात आहेर पडला की लगेच पुकारायचं, 'स्वेच्छेने निवृत्त होत आहेत'. टाळ्या. भरल्या मांडवात आहेर घेतला म्हणजे मान्य केलं. दिलेला आहेर परत करायचा म्हणजे चारचौघांत देणाऱ्याच्या तोंडावर फेकल्यासारखं, ते आपल्याकडं कुणाच्यानं होत नाही. आणि घेऊन मागून ओरडावं तर लोकच म्हणतात, शाल घेताना गोड लागली का?

मागच्या साली ढोले फिटर असाच गेला. दसऱ्यानंतर डबा घेऊन गेटवर आला. वॉचमननं राम राम केला अन् गेट काही उघडलं नाही. ढोले चिंचेखाली बसून डबा खाऊन परत गेला. मी खिडकीतून बघून राहिलो होतो.

आणि याडीला तयार कुणी करायचं? "तुमच्यावर विश्वास आहे तिचा." थू.

२८ सप्टें.

तांड्यावर गेलो. स्कूटर दोनदा बंद पडली, परत फिरलो असतो तर बरं झालं असतं. आतून नवरा खोकत होता. याडीनं बाज टाकली, कोरा चहा दिला, स्वतः खाली बसली. संडासाचं परत सगळं सांगितलं. खात्यात एक नवी सून आलीय, कामाची पाळी सुटेपर्यंत पाणीच पीत नाही म्हणे, जावं लागू नये म्हणून. मी ऐकलं. मान हलवली. मला येतंच ते.

"सायब, गिरणीत तुमीच एक आमचं ऐकून घेता."

मग म्हणालो, इतक्या वर्षांची तुमची सेवा, गिरणीला सत्कार करायचाय. ती हसली नाही. माझ्या डोळ्यात बघून विचारलं, "ढोलेदादासारखा तर न्हाई ना? खरं सांगा. माझ्यामागं ह्यांची दवा हाय."

"नाही याडी," मी म्हणालो.

एवढं सोपं असतं. चहा संपवला. निघताना ती शेजारणीला हाक मारून सांगत होती, सायब सोता घरी आले, सत्काराला समद्या चला.

२९ सप्टें.

जेवण जाईना. बायको, सुमन, म्हणाली, "काहून जेवून नाही राहिले? आजारी बिजारी हाव का?" काही नाही म्हणालो. घरीही तेच, पोटातलं पोटात.

५ ऑक्टो.

जी.एम.नी शाल दाखवली. भडक हिरवी, अंगाला टोचणारी. "कशी वाटते?" मी म्हणालो, साहेब, संडासाला कडी लावली तर बाई स्वतःच गप्प बसेल. ते माझ्याकडं लेकराकडं बघावं तसे बघून राहिले. "कदम, समोरच्याच्या जागी उभं राहायचं, पण तिथंच राहायला नाही जायचं." स्वतःच हसले, ढेकर दिली. ह्या माणसाच्या टेबलावर मी रोज हात टेकतो. जेवायला घरी येऊन दोनदा साबण लावला.

याडी भेटली तर खरं सांगेन म्हणून दुपारी खात्यात गेलो. भेटली. म्हणाली, पन्नास माणसं येऊन राहिली सायब तांड्यावरून. मी म्हणालो, छान.

११ ऑक्टो., खंडेनवमी

सुचेल तसं लिहितो.

मांडव भरलेला. मशीनला झेंडूच्या माळा. याडी तांड्याच्या वेषात, काचांची कांचळी म्हणजे चोळी, पायघोळ फेटिया म्हणजे घागरा, अंगभर चांदी. मागं सगळा तांडा. नाव पुकारलं. ती वर आली, शाल घेऊन जी.एम. पुढं झाले. तिनं मान काही वाकवली नाही. शाल हातातच धरली, नारळ काखेत घेतला, आणि सरळ माझ्याकडं आली. मी कोपऱ्यात, पाहुण्यांच्या मागं. शाल माझ्या खांद्यावर. नारळ माझ्या हातात. ताटातलं कुंकू माझ्या कपाळाला.

मग माइक घेतला. "हे कदम सायब. आमचं ऐकू ऐकू लई थकले. आमाला खरं सांगायची बी ताकद ऱ्हायली न्हाई त्येंच्यात. आजपासून त्येंना आराम."

तिला सगळं ठाऊक होतं. कधीपासून, देव जाणे.

आधी बायांनी टाळ्या वाजवल्या, मग तांड्यानं, मग बाजावाल्याला वाटलं झालं, त्यानं बाजा सुरू केला. फोटोवाला समोर आला तसे जी.एम.सुद्धा टाळ्या वाजवायला लागले. मी नारळ धरून उभा. शाल टोचत होती.

१३ ऑक्टो.

दसऱ्याची सुट्टी संपली. आठच्या पाळीला गेलो तर वाइंडिंगच्या सगळ्या बाया गेटबाहेर. वॉचमनला हुकूम, याडीला आत सोडायचं नाही. बाया म्हणतात, सत्कार तिचा झालाच नाही, आहेर तर सायबांनी घेतला, सगळ्या मांडवानं बघितलं. वॉचमन डोकं खाजवत मला विचारतो, "साहेब, मंग तुमाला तरी आत सोडू का न्हाई?" त्याला खरंच कळत नव्हतं.

मला सोडलं. जी.एम. वरच्या खिडकीत. "जा, बोला त्यांच्याशी. गोडीनं. तुमचं कामच आहे ते."

परत बाहेर आलो. याडी चिंचेखाली बसलेली, ढोले बसला होता तिथंच. मला बघून उठली नाही. फक्त बाजूला सरकली, जागा केली.

"बसा सायब. आज तुमी सांगा. आमी ऐकतो."

बसलो. सगळ्या बाया जवळ सरकल्या. ती नवी सून पुढंच होती. वरून जी.एम. बघून राहिलेले. मी म्हणालो, "याडी, त्या दिवशी तुमच्या घरी मी जे बोललो..."

मागं गेटची साखळी वाजली. वॉचमन हाक मारत होता, साहेबांनी वर बोलवलंय, लगेच. याडीनं तिकडं बघितलंच नाही.

"बोला," ती म्हणाली.